फ्यूज वारंवार उडतोय? मोठा टाकण्याआधी जुना फोडून बघा

सोसायटीच्या पंपाचा फ्यूज उडतो. वायरमन येतो, नवा टाकतो, पंप चालू होतो. दोन-तीन आठवड्यांनी परत तेच. चौथ्या वेळी वायरमन म्हणतो, "साहेब, ३२ ॲम्पिअरचा पुरत नाही, ६३ चा टाकू का?" टाकी रिकामी, वरच्या मजल्यांवरून फोनवर फोन, सेक्रेटरी वैतागलेला. तो म्हणतो, "टाका." मुंबईत साकीनाक्याच्या गाळ्यातल्या कॉम्प्रेसरचं आणि अंधेरीच्या एमआयडीसीतल्या कॅपॅसिटर पॅनेलचंही हेच होतं, फक्त सेक्रेटरीच्या जागी मालक असतो.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो लहान आहे असं लगेच धरून चालू नका. बहुतेक वेळा आकडा बरोबर असतो आणि दुसरंच काहीतरी बिघडलेलं असतं. काय बिघडलंय याचा सगळ्यात चांगला पुरावा तुम्ही केराच्या डब्यात टाकलेला असतो, म्हणजे तो उडालेला फ्यूज.

आधी पोट उघडा

अशा पॅनेलमध्ये बसणाऱ्या एचआरसी, म्हणजे मोठा शॉर्ट तोडू शकणाऱ्या, फ्यूजची रचना साधी आहे. बाहेर सिरॅमिकचा ठोकळा, दोन्ही टोकांना चांदीचा मुलामा दिलेली पाती, आत गच्च भरलेली क्वार्ट्झची वाळू आणि त्या वाळूतून जाणारी तांब्याची किंवा चांदीची पातळ पट्टी. पट्टीला ठराविक अंतरावर खाचा किंवा भोकं असतात. मध्यावर किंवा मध्याजवळ कथिलाच्या मिश्रधातूचा एक ठिपका असतो. टोकाच्या प्लेटचे स्क्रू काढले की वाळू कागदावर ओतता येते. स्क्रू नसतील तर हॅक्सॉ चालवा. तोंडाला मास्क लावा, ही धूळ फुप्फुसांना वाईट. आणि हे काम टेबलावर करायचं, पॅनेलसमोर उभं राहून नाही.

आता पट्टीकडे बघा. साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार: सगळ्या खाचा गायब, आणि वाळू वितळून चिक्कीसारखी कडक, काचेरी कांडी झालेली. हा शॉर्ट सर्किट. ५०० केव्हीएचा, ११ केव्ही/४३३ व्होल्टचा, साडेचार टक्के इम्पीडन्सचा (शॉर्टच्या करंटला होणाऱ्या अंगच्या विरोधाचा) ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचा पूर्ण करंट ६६७ ॲम्पिअर. त्याच्या टर्मिनलवरच शॉर्ट झाला तर ६६७ भागिले ०.०४५, म्हणजे जवळपास १४.८ किलोॲम्पिअर. एवढा करंट आला की सगळ्या खाचा काही मिलिसेकंदांत एकदमच वितळतात. प्रत्येक खाचेत एक आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, पेटतो, ते सगळे एकामागोमाग सीरिजमध्ये असल्यामुळे त्यांचं एकत्रित व्होल्टेज सप्लायच्याही वर जातं आणि करंट शिखरापर्यंत पोचायच्या आतच मागे ढकलला जातो. ती सगळी ऊर्जा वाळू गिळते, म्हणून तिची काच होते. आपल्याकडच्या एचआरसी फ्यूजवर ४१५ व्होल्टला ८० किलोॲम्पिअर छापलेलं असतं ते या कामगिरीसाठी.

अशी कांडी सापडली तर नवा फ्यूज टाकून "बघू या टिकतो का" हा खेळ करायचा नाही. आधी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावा. मोटरचं वाइंडिंग, टर्मिनल बॉक्समध्ये शिरलेलं पावसाचं पाणी, केबलचा जॉइंट, उंदरांनी कुरतडलेला भाग. तळघरातल्या पंपरूममध्ये जूनमध्ये जे आपोआप "ठीक होतं", ते जुलैत जास्त जोरात परत येतं.

दुसरा प्रकार: पट्टी फक्त कथिलाच्या ठिपक्यापाशी तुटलेली, बाकीच्या खाचा शाबूत, वाळू मोकळी. हा सावकाश झालेला ओव्हरलोड. तांबं १०८५ अंशांना वितळतं, कथिल २३२ ला. ठिपका वितळला की तो खालच्या धातूला आपल्यात विरघळवून घेतो आणि पट्टी तिच्या वितळबिंदूच्या कितीतरी आधीच तुटते. मेटकाफ यांनी १९३९ मध्ये हे मांडलं, म्हणून याला एम-इफेक्ट म्हणतात. हा ठिपका नसता तर थोड्याशा ओव्हरलोडला सगळा फ्यूज आणि त्याचा बेस (ज्यात तो बसतो ते होल्डर) लाल होईपर्यंत तापला असता.

इथे एक आकडा पाठ असायला हवा. जीजी वर्गाचा फ्यूज, म्हणजे आपण रोज वापरतो तो, रेटिंगच्या १.२५ पट करंटला ठरलेल्या वेळेत उडता कामा नये आणि १.६ पटीला त्या वेळेत उडालाच पाहिजे. ६३ ॲम्पिअरपर्यंत ही वेळ एक तास आहे. म्हणजे ३२ चा फ्यूज ४० ॲम्पिअरवर तासभर शांत बसला तर तो खराब नाही, तो बरोबर वागतोय. मोटर मात्र तेवढ्यात जळू शकते. मोटरचा ओव्हरलोड सांभाळणं हे रिलेचं, म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचं, काम. त्यामुळे ठिपक्यापाशी तुटलेला फ्यूज पाहिला की पहिला प्रश्न हा, की रिले झोपला होता का?

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटर आधी कमी करंटच्या स्टार जोडणीत उचलून मग डेल्टा जोडणीत नेणाऱ्यात, तो बहुतेक वेळा झोपवलेलाच असतो. रिले वाइंडिंगच्या लाइनमध्ये बसवलेला असेल तर त्याचं सेटिंग पूर्ण करंटच्या ०.५८ पट ठेवायचं असतं. १५ एचपीच्या मोटरचा करंट ४१५ व्होल्टला साधारण २१ ॲम्पिअर, म्हणून सेटिंग १२ च्या आसपास. मोटरच्या प्लेटवर २१ वाचून कुणीतरी रिलेही २१ वर ठेवतो. मग लाइनमधून ३६ ॲम्पिअर गेले तरी रिलेला सगळं आलबेल वाटतं.

तिसरा प्रकार जास्त फसवा. एखादीच खाच तुटलेली, तीही बऱ्याचदा टोकाजवळची. ठिपका तसाच. वाळू जवळपास मोकळी, एखादा बारीक खडा सोडला तर. पट्टी सरळ नाही, किंचित वाकलेली, सुरकुतलेली. हा फ्यूज थकून मेलेला आहे. प्रत्येक स्टार्टला पट्टी तापते, फुगते, नंतर आकसते. वाळूत घट्ट बसल्यामुळे तिला हलायला जागा नसते, सगळा ताण खाचेवर येतो. शेकडो वेळा असं झालं की खाचेत भेग पडते, उरलेला भाग अरुंद होतो, आणि एक दिवस अगदी नेहमीच्याच स्टार्टला तो तुटतो. म्हणून "काहीच झालं नव्हतं, तरी उडाला" असं वॉचमन सांगतो तेव्हा तो खरंच सांगत असतो.

एका पंपाची गोष्ट, आकड्यांसकट

पवईतल्या एका उंच इमारतीतला पंप. १५ एचपी, स्टार-डेल्टा स्टार्टर, ३२ ॲम्पिअरचे जीजी फ्यूज, साइज डबल झीरो. पहाटे पाणी आल्यावर खालची टाकी भरते आणि हा पंप वर चढवतो. फ्यूज उडायचा तो याच वेळेत. आधीच्या वायरमनने ३२ चे बदलून पुन्हा ३२ चेच टाकले होते, हे त्याचं कौतुक. पण ६३ ची मागणी कमिटीपर्यंत पोचली होती.

उघडून पाहिलं तर तिसरा प्रकार. म्हणजे शॉर्ट शोधत बसायचं कारण नव्हतं. शोधायचं होतं ते पट्टीला वारंवार तापवणारं काहीतरी. टाँग टेस्टर, म्हणजे तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर, लावून स्टार्ट बघितला. स्टारमध्ये करंट ४५ च्या आसपास. हे ठीक, कारण डायरेक्ट स्टार्टच्या एक तृतीयांश इथे अपेक्षितच असतो. पण टायमर तिसऱ्या सेकंदालाच डेल्टाला उडी मारत होता. पंपाने तोवर वेग घेतलेला नव्हता, त्यामुळे डेल्टात गेल्या गेल्या करंट शंभराच्या वर, आणि तिथून खाली यायला जवळपास तीन सेकंद.

आता हे ३२ च्या फ्यूजवर मांडून बघा. आयईसी ६०२६९ या आंतरराष्ट्रीय मानकात जीजी फ्यूजच्या वक्राला, म्हणजे तो किती करंटला किती वेळात उडतो याच्या आलेखाला, दारं, म्हणजे मर्यादा, ठरवून दिलेली आहेत. ३२ च्या फ्यूजमधून ७५ ॲम्पिअर १० सेकंद गेले तरी तो वितळता कामा नये, आणि १५० ॲम्पिअरला तो ५ सेकंदांत उडालाच पाहिजे. आपला १०५ ॲम्पिअरचा तीन सेकंदांचा झटका या दोन दारांच्या मध्ये पडतो. फ्यूज उडत नाही, पण दर वेळी पट्टी वितळायच्या बेतात येऊन परत फिरते. नवा फ्यूज हे आरामात सोसतो. जुना सोसत नाही.

तरी दिवसातून दोन-तीन स्टार्ट असते तर फ्यूज बराच टिकला असता. वरच्या टाकीत जाऊन फ्लोट, म्हणजे पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणारे स्विच, पाहिले तेव्हा उरलेलं कोडं सुटलं. वरचा आणि खालचा फ्लोट एकमेकांपासून वीतभर अंतरावर. कुणी दोन बादल्या पाणी काढलं की पंप चालू, थोडं भरलं की बंद. पहाटे सगळ्या घरांत आंघोळी चालू असताना तो पंप उड्याच मारत होता.

टायमर आठ सेकंदांवर नेला, म्हणजे करंट खाली बसल्यानंतरच डेल्टा लागेल असा. फ्लोटमधलं अंतर वाढवलं. रिलेचं सेटिंग १२ वर आणलं. तिन्ही फ्यूज नवे, पुन्हा ३२ चेच. त्यानंतर तक्रार बंद.

टायमरचा आकडा मात्र इथून उचलू नका. आठ सेकंद त्या पंपाला जमले. तुमच्याकडे टाँग टेस्टरवर नजर ठेवा, स्टारमधला करंट खाली येऊन स्थिरावला की त्याच्यापुढे एखादा सेकंद द्या. नुसता ऐकूनही अंदाज येतो, मोटरचा सूर चढायचा थांबतो तो क्षण.

मग ६३ टाकला तर बिघडलं काय?

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला "नियमात बसत नाही" हे उत्तर पुरेसं नाही. हिशेब करू.

त्या पंपाची केबल ४ चौरस मिलिमीटर तांब्याची, पीव्हीसीची, लांबी ६० मीटर धरू. पीव्हीसी इन्सुलेशनच्या तांब्याला शॉर्टमध्ये किती उष्णता सोसते याचं सूत्र सोपं आहे: ११५ गुणिले क्षेत्रफळ, आणि त्याचा वर्ग. ११५ गुणिले ४ म्हणजे ४६०, वर्ग २,११,६००. एकक ॲम्पिअर वर्ग सेकंद. म्हणजे करंटचा वर्ग गुणिले वेळ हा या आकड्याच्या आत राहिला पाहिजे, नाहीतर इन्सुलेशन गेलं.

आता मोटरच्या टोकाला फेज आणि परतीची तार एकमेकांना चिकटली असं समजा. जायचे ६० आणि यायचे ६० मीटर, ४ चौरस मिलिमीटर तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला सुमारे ४.६ ओहम, गरम तारेसाठी थोडा वाढवला तर एकूण ०.६५ च्या जवळपास. २३०-२४० व्होल्टला करंट साडेतीनशे ॲम्पिअर. बघा, ट्रान्सफॉर्मरपाशी १४.८ किलोॲम्पिअर असलेला शॉर्ट पंपरूममध्ये फक्त ३५० ॲम्पिअरचा उरला. फ्यूज निवडताना सगळे मोठ्या शॉर्टला घाबरतात. खरी पंचाईत या लहान शॉर्टची असते.

६३ च्या फ्यूजचं दार: ३२० ॲम्पिअरला ५ सेकंदांत उडाला पाहिजे. त्यामुळे ३५० ला मानकात बसणारा फ्यूजही तीन-चार सेकंद घेऊ शकतो. तीन धरले तरी ३५० चा वर्ग गुणिले ३ म्हणजे ३,६७,५००. केबलची मर्यादा २,११,६००. फ्यूज उडेल, पण त्याआधी केबल संपलेली असेल. आणि ती केबल तळघराच्या छताला इतर दहा केबलींबरोबर बांधलेली असते.

४० चा असता तर? त्याला १९० ॲम्पिअरला ५ सेकंद आहेत आणि ४५० ला एक दशांश सेकंद. ३५० ला अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर उडेल, उष्णता साधारण साठ हजार. केबल सुखरूप. म्हणून जिथे वारंवार स्टार्ट टाळता येतच नाहीत, तिथे ३२ वरून ४० वर जाणं मला चालतं. ५० ला मी थांबतो आणि परत हिशेब करतो. त्याचं दार २५० ॲम्पिअरला ५ सेकंद, म्हणजे ३,१२,५००, आणि ४ चौरस मिलिमीटरला ते जास्त आहे.

स्टार्टच्या बाजूनेही एक अंगठ्याचा नियम वापरतो: स्टार्टचा करंट जितके सेकंद टिकतो तितक्या सेकंदांना फ्यूजचा वक्र जो करंट दाखवतो, त्याच्या दोन तृतीयांशाच्या आत तो असावा. वक्र निर्मात्याच्या कॅटलॉगमध्ये असतो. त्यात उभ्या आडव्या दोन्ही रेषा लॉग स्केलच्या असतात, साध्या पट्टीने मोजू नका.

एकच फेज वारंवार जात असेल तर

तिन्ही फेजचा लोड सारखा आणि तरी दर वेळी बी (निळा) फेजच उडतो, तर बहुधा तो लोडचा दोष नाही. बेसच्या जबड्याकडे बघा. स्प्रिंग ढिली झाली, चांदीचा मुलामा गेला, लगचा (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीचा) बोल्ट अर्धवट आवळला, की तिथे उष्णता तयार होते आणि ती थेट फ्यूजच्या पट्टीत जाते. पट्टीला करंटने तापलं की शेजारच्या लगने, याच्याशी देणंघेणं नसतं. कुलाब्यापासून वर्सोव्यापर्यंत समुद्राजवळच्या इमारतींत खारी हवा ही प्रक्रिया आणखी लवकर करते. लगच्या कडेला हिरवट पूड दिसते ती तीच.

शोधायची पद्धत स्वस्त आहे. पंप लोडवर चालू असताना मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या वरच्या लगपासून खालच्या लगपर्यंतचा ड्रॉप घ्या. हे चालू पॅनेलमधलं काम आहे. परवानाधारक माणसानेच करायचं, इन्सुलेटेड प्रोब, हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड. आकडा किती असावा यापेक्षा तिघांची तुलना करा. दोन फेजला ६० मिलिव्होल्ट आणि तिसऱ्याला १८० असेल तर आणखी काही शोधायला नको. हाताशी थर्मल कॅमेरा असेल तर तोही तेच सांगेल.

काळवंडलेला जबडा पॉलिश पेपरने घासून चमकवायचा मोह होतो. घासल्याने उरलासुरला मुलामाही जातो आणि काही महिन्यांत आणखी वाईट. बेस बदला. महाग वाटतो, पण मोटर रिवाइंड करण्यापेक्षा खूप स्वस्त पडतो. कारण एक फेज गेली आणि मोटर दोन फेजवर चालत राहिली तर उरलेल्या लाइनमधला करंट साधारण १.७३ पट होतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल किंवा "सारखा ट्रिप करतो" म्हणून बायपास केलेला असेल (हे फार दिसतं), तर वाइंडिंग गेलंच म्हणा.

तापमानाचंही धरा. फ्यूजचं रेटिंग साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी दिलेलं असतं. गच्चीवरच्या लिफ्टरूममध्ये, पत्र्याच्या बंद पॅनेलमध्ये, मे महिन्याच्या दुपारी आतली हवा त्याच्या बरीच वर असते. तेव्हा ३२ चा फ्यूज ३२ चा राहत नाही. कमी करायचं प्रमाण कॅटलॉगमध्ये मिळतं. नाहीतर पॅनेलला जाळी आणि पंखा लावा.

कॅपॅसिटर पॅनेलची वेगळीच तऱ्हा

गाळ्यांतली अर्धी फ्यूज-तक्रार इथली असते. पॉवर फॅक्टर सुधारायला लावलेल्या २५ केव्हीएआरच्या कॅपॅसिटर बँकेचा करंट ४१५ व्होल्टला सुमारे ३५ ॲम्पिअर. लोक ४० चा फ्यूज टाकतात, मोटरच्या सवयीने. कॅपॅसिटर मात्र चालू होताना क्षणभर शॉर्टसारखाच वागतो, शिवाय तो कायम पूर्ण लोडवर असतो आणि हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतले जास्तीचे करंट) आले की त्याहून जास्त ओढतो. म्हणून फ्यूज करंटच्या किमान दीडपट लागतो, इथे ६३. म्हणजे या एका ठिकाणी वायरमनचा "मोठा टाका" बरोबर असू शकतो.

६३ टाकूनही उडत असेल तर टाँग टेस्टरने बँकेचा प्रत्यक्ष करंट घ्या, ट्रू आरएमएस मीटरने. ३५ च्या जागी ४८-५० दिसला तर गाळ्यात व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) आणि यूपीएस किती आहेत ते मोजा. उपाय म्हणजे डीट्यून्ड रिअॅक्टर, कॅपॅसिटरसोबत जोडायची कॉइल. ७ टक्क्यांचा रिअॅक्टर सर्किटला १८९ हर्ट्झवर ट्यून करतो, म्हणजे पाचव्या हार्मोनिकच्या, २५० हर्ट्झच्या, खाली. करंट ३५ पेक्षा खूप कमी असेल तर कॅपॅसिटर मेलेला आहे, डबा फुगलाय का बघा. आणि करंट बरोबर असूनही उडत असेल तर एपीएफसी रिले (गरजेनुसार बँका आपोआप घालणारा-काढणारा) बँक काढून लगेच परत घालतोय का ते तपासा. डिस्चार्ज न झालेल्या कॅपॅसिटरला उलट्या ध्रुवाच्या क्षणी सप्लाय मिळाला की झटका दुप्पट. काँटॅक्टर, म्हणजे बँक जोडणारा स्विच, कॅपॅसिटर ड्यूटीचा, रेझिस्टरवाला हवा. साध्या काँटॅक्टरवर पैसे वाचवलेले पॅनेल मी लगेच ओळखतो, फ्यूजचा खोका कायम शेजारी असतो.

खालचा उडायचा तर वरचाही उडतो

पंपाला शॉर्ट झाला आणि सगळी इमारत अंधारात गेली, अशीही तक्रार येते. हे दोन फ्यूजच्या प्रमाणाचं गणित आहे. आयईसीच्या तक्त्यात ६३ च्या जीजी फ्यूजला वितळायला जास्तीत जास्त २७,००० ॲम्पिअर वर्ग सेकंद लागतात. १०० च्या फ्यूजला वितळायला कमीत कमी तेवढेच, २७,०००. ४० चा कमाल आकडा ९,०००, ६३ चा किमान ९,०००. ही पायरी १.६ पटीची आहे आणि मुद्दामच अशी आखली आहे. म्हणजे वरचा फ्यूज खालच्याच्या १.६ पट असेल तर खालचा वितळतो तेव्हा वरचा वितळलेला नसतो. अगदी बारीक विचार केला तर खालच्याचा आर्कचा वेळही धरावा लागतो, म्हणून जमेल तिथे मी दुप्पट ठेवतो. आता पंपाला ३२ च्या जागी ६३ बसवला आणि वर मेनला ८० आहे, तर प्रमाण १.२७. पंपाच्या शॉर्टला मेनही गेला तर आश्चर्य कसलं?

दोन ठिकाणी जीजी लावूच नका

लिफ्टच्या ड्राइव्हमधला फ्यूज उडाला आणि रात्री दुकानं बंद म्हणून पंपाच्या पॅनेलमधला त्याच आकड्याचा काढून बसवला, हे सर्रास होतं. ड्राइव्हमध्ये एआर वर्गाचा, सेमीकंडक्टरसाठीचा वेगवान फ्यूज असतो. जीजी उडेपर्यंत आतले डिव्हाइस गेलेले असतात. उलटंही तितकंच चूक. एआर फक्त शॉर्टसाठी आहे, ओव्हरलोडवर तो नीट उडत नाही, नुसता तापतो.

दुसरं ठिकाण गच्चीवरचं सोलर. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि आर्कला विझायची संधी मिळते. डीसीला ती नाही. ४१५ व्होल्ट एसीचा फ्यूज तिथे उडाला तरी आत आर्क पेटलेलाच राहू शकतो आणि डबा वितळतो. तिथे सोलरसाठीचा जीपीव्ही वर्ग हवा, आणि व्होल्टेज डीसीमध्ये छापलेलं, तुमच्या स्ट्रिंगच्या (सीरिजमध्ये जोडलेल्या पॅनेलांच्या) जास्तीत जास्त व्होल्टेजच्या वरचं.

जुन्या चाळींच्या मीटरखोलीतल्या किटकॅटबद्दल, म्हणजे तार बांधायच्या चिनीमातीच्या फ्यूजबद्दल, थोडंसंच. त्यात तार बांधायची ती टिन केलेल्या तांब्याची, मापाची: १५ ॲम्पिअरला ०.५ मिलिमीटर, ३० ला ०.८५. फ्लेक्सिबल वायर सोलून त्यातल्या "चार काड्या" नाही. तार किती करंटला वितळते हे सांगणाऱ्या प्रीसच्या सूत्राने ०.५ ची तार मुळातच २८ ॲम्पिअरच्या आसपास वितळते, त्यात आणखी भर घातली तर उरतं काय? आणि या किटकॅटची शॉर्ट तोडायची ताकद दोन-चार किलोॲम्पिअरची. सबस्टेशन शेजारी असेल तर ती पुरत नाही. न्यूट्रलमध्ये किटकॅट दिसला तर तो काढून पक्की लिंक टाका, आजच. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की कुणाच्या तरी फ्रिजवर ४०० व्होल्टच्या जवळपास येतं.

विकत घेताना

लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकल बाजारात आकडा सांगून फ्यूज मागितला तर आकड्याचाच मिळेल. सांगायच्या गोष्टी पाच: वर्ग, ॲम्पिअर, व्होल्टेज आणि ते एसी की डीसी, साइज, ब्रेकिंग कपॅसिटी. या पाचही फ्यूजच्या अंगावर छापलेल्या हव्यात. छपाई नखाने खरवडून जात असेल, वजन हातात हलकं लागत असेल किंवा हलवल्यावर वाळू खुळखुळत असेल तर परत द्या. वाळू सैल म्हणजे आर्क विझवायला कुणी नाही. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले घ्या आणि बदलताना तिन्ही एकदम बदला. एक उडाला तेव्हा बाकीचे दोघेही तेवढेच तापलेले होते.

पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने वर्ग, आकडा, टायमरचं आणि रिलेचं सेटिंग, बदलल्याची तारीख लिहून ठेवा. आणि न उडालेले दोन जुने फ्यूज पॅनेलच्या डोक्यावर ठेवून जाऊ नका. रात्री दोन वाजता पाणी गेलं की कुणीतरी तेच काढून परत बसवतं.